मालगाडीचा फोटो काढायचा, तर उभं कुठं राहायचं?

मालगाडीचा फोटो काढणाऱ्याची पहिली अडचण अगदी साधी. गाडी चौकटीत मावत नाही. सपाटीवर सरळ रुळाशेजारी उभे राहा. इंजिन दिसतं तेव्हा शेपूट दिसत नाही, आणि शेपूट येईपर्यंत इंजिन पार निघून गेलेलं असतं. म्हणून जागा शोधताना तीन गोष्टी बघायच्या. गाडी वळली पाहिजे, हळू चालली पाहिजे आणि आपल्याला तिथं बिनधोक थांबता आलं पाहिजे. पहिल्या दोन डोंगर देतो. तिसरी मात्र माणसांनी द्यावी लागते.

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना गावाजवळ या तिन्ही गोष्टी एकत्र सापडतात. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गच्या मध्ये अलेगेनी डोंगर आडवा येतो. १८३४ पासून तिथं कालव्यातल्या नावासुद्धा गाड्यांवर चढवून दोरांनी उतारावरून ओढत नेत! पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे इंजिनिअर जॉन एडगर थॉमसन यांनी वेगळा विचार केला. दरी ओलांडायची नाही, दरीच्या आत शिरायचं आणि भरावावरून वळसा घेऊन समोरच्या कडेनं परत यायचं. फेब्रुवारी १८५४ मध्ये हे 'हॉर्सशू कर्व्ह', म्हणजे घोड्याच्या नालासारखं वळण, सुरू झालं. वळसा सुमारे २२० अंशांचा, चढ शंभराला दोनहून थोडा कमी.

आता आपला बोरघाट बघा. तो १८६३ मध्ये सुरू झाला आणि चढ सदतिसाला एक, म्हणजे अल्टूनापेक्षा चांगलाच उभा. प्रश्न तोच, पण उत्तर निराळं. खंडाळ्याजवळ गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेनं निघायची. १९२९ मध्ये मार्ग बदलला तेव्हा ही उलटापालट संपली.

फरक पडला तो तिसऱ्या गोष्टीत. अल्टूनात १८७९ मध्ये रेल्वेनंच वळणाच्या पोटात बाग केली. धर्मादाय म्हणून नव्हे हो, जाहिरात म्हणून! १८९० च्या दशकात याच कंपनीनं विल्यम राऊ या छायाचित्रकाराला आपल्या मार्गाची चित्रं काढायला नेमलं. तोवर बागेत यायचं तर गाडीनंच यावं लागे. १९३२ मध्ये रस्ता झाला आणि ज्याच्याकडे तिकीट नाही तोही येऊ लागला. माझ्या मते या जागेच्या इतिहासातलं खरं वळण हेच.

१९४२ मध्ये पाणबुडीतून उतरलेल्या जर्मन घातपात्यांच्या यादीत हे वळण होतं. ते पकडले गेले. पुढे कंपनी १९६८ मध्ये दुसरीत विलीन झाली, १९७० मध्ये तीही बुडाली. चारांतला एक रूळ १९८१ मध्ये उखडला. बाग मात्र राहिली. १९९२ मध्ये तिथं नवं पर्यटक केंद्र आणि छोटी दोरगाडी आली. पायी चढायचं तर १९४ पायऱ्या. गंमत अशी, की तिथं बरीच वर्षं मांडून ठेवलेलं वाफेचं इंजिन प्रवासी गाड्यांचं होतं, आणि लोक थांबत मालगाड्यांसाठी.

कुंपणापलीकडे पाऊल टाकलं की तिथंही गुन्हाच. आपल्याकडे १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १४७ तेच सांगतं. म्हणूनच कुंपणाच्या अलीकडची ती जागा मोलाची. तिथं बसून कोळशाची अख्खी गाडी एका चौकटीत येते: पुढची इंजिनं दरीच्या एका बाजूला, आणि मागून ढकलणारी अजून दुसऱ्या बाजूला.