सेल संपल्यानंतरचा हिशेब



आपल्याकडे टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात. खरी बॅटरी म्हणजे आतले सेल. १८०० साली इटलीच्या व्होल्टाने जस्त आणि तांब्याच्या चकत्या एकावर एक रचल्या, मधे खारट पाण्यात भिजवलेले कापड ठेवले आणि सतत वाहणारी वीज मिळवली. १८६६ मध्ये फ्रान्सच्या लेक्लांशेने जस्त आणि मँगनीजचा सेल केला. आपले साधे पेन्सिल सेल त्याच घराण्यातले. १८९९ मध्ये स्वीडनच्या युंगनरने निकेल-कॅडमियमची, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. वीज कशी मिळवायची याचा शोध शंभर वर्षे चालला, पण संपलेल्या सेलचे काय करायचे, हा प्रश्न मागेच राहिला.

यातले कॅडमियम काय करू शकते, हे जपानच्या तोयामा भागातल्या बायकांनी भोगले. तिथे जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची खाण होती. खाणीतले कॅडमियम नदीत उतरले, नदीचे पाणी भातशेतीत गेले आणि भातातून ते पोटात गेले. मूत्रपिंडे बिघडली, हाडे इतकी ठिसूळ झाली की नुसत्या खोकल्यानेही बरगडी मोडे. आजारी पडलेल्यांत बहुतेक बायकाच होत्या, त्यातही चाळिशी ओलांडलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या. त्यांच्या कण्हण्यावरूनच आजाराला 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', असे नाव पडले. १९६८ मध्ये सरकारने कारण मान्य केले आणि १९७१ मध्ये न्यायालयात खाण कंपनी हरली. ते विष बॅटरीतले नव्हते, खाणीतले होते. पण धातू तोच, आणि माती-पाण्यात गेला की ताटापर्यंत येण्याची त्याची वाटही तीच.

मी वाणिज्य शाखेची. वस्तूची किंमत काढताना आम्ही कच्चा माल, मजुरी, वाहतूक आणि नफा धरायचो. वस्तू निकामी झाल्यावरचा खर्च कुठल्याच रकान्यात नसे. वहीत नाही म्हणून तो खर्च टळत नाही, तो दुसऱ्याच्या नावावर पडतो. तोयामात तो बायकांच्या हाडांवर पडला. आपल्याकडे तो तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्या आणि सोन्याच्या कणांसाठी सर्किट आम्लात बुडवणाऱ्या गरिबांच्या फुप्फुसांवर पडतो.

भारतात हा रकाना हळूहळू उघडला. २००१ च्या नियमांत फक्त शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या, म्हणजे गाडीच्या आणि इन्व्हर्टरच्या, आल्या. ई-कचऱ्याचे पहिले नियम मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ मध्ये सीएफएल दिवेही ई-कचऱ्याच्या नियमांत आले. त्यांच्यात थोडा पारा असतो. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनी मात्र घड्याळाच्या बटण-सेलपासून विजेच्या गाडीपर्यंत सर्व बॅटऱ्या घेतल्या आणि त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. आपल्यावरही एक काम आहे : संपलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यायची. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते, त्याचा अर्थ हाच.

आपल्याला हा विचार नवा वाटू नये. मुनींच्या पाच समितींमधली शेवटची उत्सर्ग समिती टाकण्याविषयीच आहे : जे टाकायचे ते जीवरहित जागा पाहून, जपून टाकावे. ती साधूंसाठी असली तरी पृथ्वीकाय आणि अप्काय जीव मानणाऱ्या श्रावकाच्या घरालाही तिच्यातून शिकता येते. पाणी गाळून प्यायचे आणि सेल मात्र ओल्या कचऱ्यात टाकायचे, हे जुळत नाही.

करायचे फार नाही. एक कोरडा प्लास्टिकचा डबा ठेवा. लिथियमच्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा, नाहीतर एकमेकांना लागून आग लागू शकते. फुगलेली मोबाइल बॅटरी टोचू, दाबू किंवा चार्ज करू नका. सीएफएल फुटू न देता खोक्यात ठेवा. डबा भरला की मान्यताप्राप्त संकलन केंद्रात किंवा जुन्या बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या दुकानात द्या. भंगारवाल्याला देण्याआधी तो माल पुढे कुठे जातो, हे विचारा. महिला मंडळाने मंदिराजवळ एक सामाईक डबा ठेवला, तर एका खेपेत पन्नास घरांचे काम होईल.

आणि सर्वांत आधी परिग्रह कमी करा. जे घेतलेच नाही, ते टाकावे लागत नाही.