परसातला पाहुणा

भोर तालुक्यातील कामथडी येथे एका घराच्या परसात फ्लॉवरचे दोन वाफे पाहिले. उन्हाने गड्डे पिवळे पडू नयेत म्हणून घरच्या आजींनी रोपांची पाने वर ओढून सुतळीने बांधली होती. मी कौतुक करताच त्या म्हणाल्या, "फादर, ही काही आपली भाजी नव्हे, साहेबाची!"

आजींचे म्हणणे अर्धे खरे आहे. आपला 'कोबी' हा शब्द पोर्तुगिजांच्या 'कोव्ह'वरून आला. फ्लॉवर मात्र इंग्रजांनी आणला. १८२२ साली त्याचे बी इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आले. गारव्यात वाढलेले हे पीक. आपल्या उष्ण मैदानांत त्याला गड्डा धरणे अवघड होते. परंतु उत्तर हिंदुस्थानातील भाजीपाला पिकविणाऱ्यांनी चिकाटी सोडली नाही. उष्णता सोसून ज्या रोपांनी गड्डा धरला, त्यांचेच बी ते पिढ्यान्‌पिढ्या राखीत गेले. सुमारे शतकभरात त्यातून निराळा भारतीय फ्लॉवर घडला. १९२९ साली सटन कंपनीने 'अर्ली पाटणा' व 'अर्ली बनारस' या नावांनी तशी वाणे विक्रीस आणली. आज यातील हळवी वाणे वीस ते सत्तावीस अंश तापमानातही गड्डा धरतात. बी साहेबाचे खरे; पण त्याला या मातीचे केले ते अनाम माळ्यांनी.

यात एक त्याग आहे. गड्डा म्हणजे न उमललेला फुलोरा. बी हवे असेल, तर उत्तम गड्डे न कापता राखावे लागतात. ते फुटून दांडे वर येतात, पिवळी फुले लागतात, मग शेंगा धरतात. ज्याने बी राखले, त्याने ताटातली भाजी सोडली.

आपल्या ख्रिस्ती समाजालाही 'साहेबाचा धर्म' हे शब्द ऐकावे लागतात. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. परंतु १६१६ साली छापले गेलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत आहे. मूळ कोठले, एवढ्यावरच आपलेपण ठरत नाही; येथे बी कोणी धरले, हेही पाहावे लागते.

आजींना विचारले, "बी घरचे का?" त्या म्हणाल्या, "नाही, रोपे विकतची. संकरित बियांचे पुढच्या साली तसे येत नाही." त्यांचे उत्तर मनात राहिले. आपल्या घरांतील श्रद्धाही विकतच्या रोपांसारखी दरवर्षी बाहेरून आणायची, की एखादा उत्तम गड्डा राखून घरीच तिचे बी धरायचे?