गाणं डिलीट करण्याआधी

एप्रिल २०२३मधली गोष्ट. मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवत होतो आणि मामेभावाचा फोन आला. तो शहादा तालुक्यात, आमच्या आजोळच्या गावी राहतो. शेती करतो आणि उरलेल्या वेळात अहिराणीत गाणी करून यूट्यूबवर टाकतो. शूटिंग मोबाइलवर, एडिटिंग मोबाइलवर, बीट कुठून तरी फुकटातली. त्या आठवड्यात त्याने नवीन गाणं टाकलं होतं. विषय होता गावाचा रस्ता. उन्हाळ्यात होणारा आणि पहिल्या पावसात वाहून जाणारा. गाण्यात नाव कुणाचंच नव्हतं. पण गावात रस्त्याची कामं घेणारा माणूस एकच, त्यामुळे नाव घ्यायची गरजही नव्हती.

"दादा, एक जण घरी येऊन गेला. म्हणतो, केस करीन. काय करू?"

मी दोन मिनिटंही विचार केला नाही. "डिलीट कर," म्हणालो.

"पण बठ्ठं खरं शे ना, दादा."

"खरं असू दे. डिलीट कर."

त्याने केलं. मी उरलेला भात संपवला आणि मीटिंगला गेलो. हे सगळं आज लिहितोय, कारण तो सल्ला मी अभ्यास करून दिला नव्हता, घाबरून दिला होता. आणि घाबरायचं कारण त्याच दिवसांत माझ्या फोनवर फिरत होतं.

एकाच वर्षातली तीन गाणारी पोरं

२०२३चं वर्ष मराठी रॅपसाठी विचित्र होतं. १२ फेब्रुवारीला पुण्याच्या वस्तीतून आलेला अल्ताफ शेख, म्हणजे एमसी स्टॅन, बिग बॉसचा सोळावा सीझन जिंकला. ज्या पोरांच्या गाण्याला घरचे 'काय बडबड चाललीय' म्हणायचे, त्यांना पहिल्यांदाच टीव्हीकडे बोट दाखवता आलं. 

त्यानंतर दोनच महिन्यांत आणखी दोन रॅपर बातम्यांत आले, पण ते पोलीस ठाण्याच्या बातम्यांत. पहिला छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगासे. त्याने मार्चअखेरीस एक रॅप व्हिडिओ टाकला. चोर आणि पन्नास खोके हा त्याचा विषय. खोके म्हणजे काय, हे तेव्हा महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही माहीत होतं. जून २०२२मध्ये शिवसेनेत फूट पडली, आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, सरकार बदललं आणि ऑगस्टच्या अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांची घोषणा दिली. बंडखोर आमदारांनी पैशाचा आरोप फेटाळला होता. रॅपमध्येही नाव कुणाचं नव्हतं. पण व्हिडिओ पसरला, विरोधी पक्षांच्या नेत्यांनी तो उचलून धरला आणि युवा सेनेच्या पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून अंबरनाथच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला.

दुसरा मुंबईचा उमेश खाडे. जनतेला कसं नागवलं जातंय, यावर त्याचं गाणं होतं. शीर्षकातच 'भोंगळी' हा शब्द. आमच्या खान्देशापासून विदर्भापर्यंत हा शब्द घरात, शेतात सहज वापरला जातो. कागदावर आला की तो अश्लील वाटायला लागतो. त्याच्यावर वडाळा टीटी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला.

दोघांच्या बाजूने हॅशटॅग चालले, विरोधी पक्षांचे नेते बोलले, वर्तमानपत्रांत लेख आले. सत्ताधारी बाजूचं म्हणणं होतं की ही टीका नाही, बदनामी आहे आणि भाषा शिवराळ आहे. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि त्यातून एकच गोष्ट उचलली, ती म्हणजे नाव न घेताही केस होते. म्हणून मामेभावाला म्हणालो, डिलीट कर.

कलम वाचायची सवय

आम्हा कोड लिहिणाऱ्यांना एक वाईट सवय असते. एरर आला की मेसेज पूर्ण न वाचताच आधी प्रोग्राम बंद करायचा. मी तेच केलं होतं. मेसेज वाचायला मला दोन वर्षं लागली.

मुंगासेवर लावलेली कलमं होती भारतीय दंड संहितेची ५०१, ५०४ आणि ५०५(२). ५०१ म्हणजे बदनामीकारक मजकूर छापणं. ५०४ म्हणजे शांतता भंग होईल अशा हेतूने मुद्दाम अपमान करणं. ही दोन्ही अदखलपात्र. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलीस तपास सुरू करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. फक्त ही दोनच असती तर कुणाच्या दारात जीप आली नसती.

जीप येते ती ५०५(२)मुळे. हे कलम दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्याचा विषय आहे वेगवेगळ्या गटांमध्ये वैर पसरवणारं विधान. धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात यांवरून 'किंवा इतर कोणत्याही कारणावरून'. हे शेवटचे शब्द वाचून मला स्विच स्टेटमेंटमधला डिफॉल्ट आठवला. वरच्या कुठल्याच खान्यात बसत नसेल, तर इथे या.

पण त्यालाही मर्यादा आहे. १९९७मध्ये बिलाल अहमद कालू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, या कलमासाठी किमान दोन गट गुंतलेले असावे लागतात. एकाच गटाच्या भावना दुखावल्या आणि दुसऱ्या गटाचा संबंधच नाही, तर हे कलम लागत नाही. आता रस्त्यावरचं गाणं घ्या. त्यात दुसरा गट कुठला? खड्डे?

१ जुलै २०२४पासून दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. ५०५(२)चं आता ३५३(२) झालं. आकडा बदलला, शब्द जवळपास तेच राहिले.

आमच्या जिल्ह्यातली जुनी गाणी

हे वाचताना माझ्या डोक्यात एक किडा वळवळला. गाण्यावर सरकार चिडतं, हे इन्स्टाग्रामनंतर सुरू झालं का? उत्तर शोधायला मुंबईला जावं लागलं नाही. ते आमच्याच जिल्ह्यात सापडलं.

१९३०च्या दशकाचा उत्तरार्ध. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता. १९०६मध्ये खान्देशाचे दोन तुकडे झाले, त्यातल्या पश्चिम खान्देशात आम्ही होतो. तळोद्याजवळच्या मोरवड गावात गुलाम महाराज नावाचे एक भिल्ल होते. दर सोमवारी ते आरती करायचे. आरतीला जमलेल्या लोकांना सांगायचे की दारू सोडा, रोज अंघोळ करा, खोटं बोलू नका आणि एकमेकांना 'आप' म्हणा. सावकारापासून शिपायापर्यंत ज्यांना सगळे 'अरे-तुरे' करतात, त्या माणसांनी एकमेकांना 'आप' म्हणायचं! हा सल्ला वाटतो तेवढा साधा नव्हता.

सातपुड्याच्या पाड्यांवरून लोक पायी यायला लागले. शेकड्यांचे हजारो झाले. माइक नाही, छापील पत्रक नाही. सोमवारची आरती ऐकलेला माणूस मंगळवारी आपल्या पाड्यावर ती म्हणायचा आणि पुढच्या सोमवारी दहा जणांना घेऊन यायचा. आज आपण ज्याला व्हायरल म्हणतो, ते हेच. फक्त शेअर करायला डोंगर उतरावा लागायचा.

हजारो लोक दारू सोडतात तेव्हा दारू विकणाऱ्याचा धंदा बसतो. हजारो लोक दर आठवड्याला एका जागी जमतात तेव्हा कलेक्टरची झोप उडते. १९३८मध्ये गुलाम महाराज वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी आरती चालू ठेवली, आणि पुढे सरकारने त्यांनाच जिल्ह्याबाहेर काढलं. आरतीच्या शब्दांत सरकारविरुद्ध काही होतं म्हणून हे झालं नाही. ती म्हणायला जी गर्दी जमत होती, तिची सरकारला धास्ती होती.

आता १९४२मध्ये या. ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या बाजारपेठेत शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. घोषणा गुजरातीत होत्या, कारण हे शहर तेव्हाही मराठी, गुजराती, अहिराणी, भिली असं सगळं एकाच दमात बोलायचं. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती गेले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. त्याचं नाव आम्ही शाळेत पाठ केलं. पण 'घोषणा देणं' हा तेव्हा गुन्हा होता, हे पाठ करताना कधी लक्षात आलं नव्हतं.

आणि १९७२. शहादा परिसरातल्या आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली, तिच्या मुळाशी होते अंबरसिंग महाराज. आधी ते भजनं म्हणत गावोगाव फिरायचे. भजनाला जमलेल्या माणसांशी जमिनीबद्दल आणि मजुरीबद्दल बोलणं सुरू झालं आणि भजनी मंडळाची चळवळ झाली. ज्या तालुक्यात माझा मामेभाऊ रस्त्यावर गाणं करतो, तोच हा तालुका.

याच तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. त्यानंतर सहा वर्षांत जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. जून २०२०मध्ये टिकटॉक बंद पडलं, तेव्हा इथली पोरं यूट्यूब आणि रील्सकडे वळली. 'हाई झुमका वाली पोर'सारखं अहिराणी गाणं पुण्या-मुंबईच्या लग्नांत वाजायला लागलं. ज्या बोलीत बोललो म्हणून मी कॉलेजात हसं करून घेतलं होतं, तिच्यावर माझ्या ऑफिसातले लोक नाचत होते. कान आले होते. आता एवढे कान ऐकताहेत म्हटल्यावर कुणी तरी रस्त्याबद्दल गाणारच.

घाबरट कानांचा कायदा

२८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. प्रकरण शेजारच्या गुजरातचं. खासदार इम्रान प्रतापगढी यांनी सोशल मीडियावर एक व्हिडिओ टाकला होता, मागे कविता चालू होती. जामनगरला गुन्हा दाखल झाला आणि गुजरात उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला. 

त्या निकालात दोन गोष्टी माझ्या कामाच्या होत्या. पहिली व्यवहाराची. बोलण्या-लिहिण्याबद्दलचा गुन्हा असेल आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या टप्प्यात असेल, तर गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करणं सर्वसाधारणपणे योग्य, असं न्यायालयाने सांगितलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३)मध्ये ती सोय आहे.

दुसरी गोष्ट ऐंशी वर्षं जुनी आणि आपल्याच राज्यातली. शब्दांचा परिणाम कुणाच्या कानाने मोजायचा? १९४६मध्ये नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी याचं उत्तर दिलं होतं. मोजायचा तो समजूतदार, खंबीर, धीट माणसाच्या कानाने. ज्याला प्रत्येक विरोधी शब्दात धोका दिसतो, त्याच्या कानाने नाही. भगवतीचरण शुक्ल यांचा तो खटला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी अनेकदा वापरली आणि २०२५मध्ये पुन्हा वापरली.

हे वाचून मी गप्प बसलो. कारण एप्रिल २०२३मध्ये मामेभावाचं गाणं मी नेमकं त्या घाबरट कानानेच ऐकलं होतं. खरं सांगायचं तर ऐकलंच नव्हतं.

अर्थात निकाल दिल्लीत लागतो आणि पोरगा गावात राहतो. खटला रद्द व्हायला महिने जातात, वकिलाची फी जाते, पेरणी जाते. संसदेतल्या खासदाराला जे परवडतं ते तीन एकरवाल्याला परवडत नाही. त्यामुळे माझा सल्ला शंभर टक्के चूक होता, असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या जागी गाणं ऐकून, कलम वाचून, मग बोलणारा भाऊ असता, तर बरं झालं असतं.

परत ऐकलं

गाणं अपलोड करण्याआधी त्याने मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं. 'ऐकून सांग' असा मेसेज. मी अंगठा पाठवून दिला होता. गेल्या महिन्यात शोधून काढलं आणि हेडफोन लावून पूर्ण ऐकलं. तीन मिनिटं दहा सेकंद.

चांगलं आहे. बीट ढोबळ आहे, पण शब्द नेमके आहेत. रस्ता कधी झाला, कधी वाहून गेला, बाळंतपणाच्या बाईला खाटेवर घालून कुठवर नेलं, हे सगळं क्रमाने आहे. गावातला कुणीही साक्ष देईल असं. फक्त दुसऱ्या कडव्यात एक ओळ आहे, त्या माणसाच्या लंगड्या चालीवर. तिचा रस्त्याशी काही संबंध नाही. समजूतदार, धीट माणसालाही ती ओळ खुपेल. तक्रार करायला आलेला माणूस रस्त्यामुळे आला होता की त्या ओळीमुळे, हे आम्ही दोघांनी त्याला कधी विचारलंच नाही.

मामेभाऊ आता हळदीची आणि वरातीची गाणी करतो. बरं चाललंय त्याचं, गेल्या हंगामात त्यावर नवा फोन घेतला. रस्त्यासारखं गाणं त्याने पुन्हा केलं नाही. 

मी त्याला फाइल परत पाठवली. खाली लिहिलं, 'दुसऱ्या कडव्यातली शेवटची ओळ काढ. बाकी एक शब्द बदलू नकोस. तारखा खऱ्या आहेत ना ते एकदा ग्रामपंचायतीत माहिती अधिकारात अर्ज टाकून तपास, मी अर्ज लिहून देतो.'

दोन निळ्या टिका आल्या. बराच वेळ उत्तर नाही. मग रात्री साडेअकराला आलं.

"अर्ज पाठव, दादा. रस्ता आजून तसाच शे."