भरतीचे यंत्र आणि अधांतरी द्वार : अ‍ॅनालॉग गणनेतील स्मृतीचा प्रश्न

राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव जैतापूर खाडीच्या मुखाजवळ वसलेले आहे. अशा ठिकाणी होडी केव्हा बाहेर काढावी व केव्हा आत आणावी, हे भरतीवरून ठरते. त्यासाठी तिथीची पाऊणपट करण्याचा हिशेब कोकणात रूढ आहे : चतुर्थीस पूर्ण भरती सुमारे तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. हा हिशेब वेळ सांगतो. पाणी किती चढेल हे सांगत नाही. ‘उधाण’ व ‘भांग’ या शब्दांनी उंचीतील भेद नोंदला जातो, मोजला जात नाही. तो मोजण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जे यंत्र निर्माण झाले, त्याचे फ्लोटिंग-गेट ट्रान्झिस्टरांच्या आजच्या मंडलांशी असलेले नाते दाखविणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

भरती ही अनेक नियतकालिक लहरींची बेरीज होय. चंद्राची मुख्य लहर सुमारे १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची १२ तासांची. हे काल खगोलाने ठरतात व सर्व बंदरांना समान असतात. प्रत्येक लहरीची उंची व कला मात्र बंदरागणिक बदलते. विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८७२-७३ मध्ये दहा लहरींची बेरीज करणारे यंत्र सिद्ध केले. भारतीय बंदरांसाठी एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यावरून १८७९ मध्ये लंडनला वीस लहरींचे यंत्र तयार झाले. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्रपातळीची नोंद होत होती. अशा नोंदींच्या पृथक्करणातून मिळणारे स्थिरांक हेच या यंत्राचे अन्न होते.

यंत्राची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. दात्यांची चाके लहरींचा काल ठरवीत. प्रत्येक लहरीची उंची एका भुजेच्या लांबीने लावली जाई आणि त्या भुजेबरोबर एक कप्पी वरखाली होई. सर्व कप्प्यांवरून एकच दोरी फिरे. तिच्या टोकाची लेखणी बेरीज कागदावर उमटवी. बंदर बदलले की भुजा व कला नव्याने लावावयाच्या, चाके तीच. यालाच आज आपण प्रोग्रॅम बदलणे म्हणतो. येथे भुजेची लांबी हीच स्मृती आणि तीच गुणाकाराचे साधनही आहे.

विद्युत्-मंडलांत हे स्थान कशाला मिळाले? १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डॉन कांग व सायमन झी यांनी फ्लोटिंग-गेट ट्रान्झिस्टरची कल्पना प्रसिद्ध केली. त्यातील द्वार चोहोबाजूंनी निरोधक ऑक्साइडने वेढलेले असते. त्यास कोणतीही तार जोडलेली नसते. म्हणून ‘तरंगते’ यापेक्षा ‘अधांतरी’ हे विशेषण मराठीत अधिक यथार्थ ठरेल. द्वारावर एकदा घातलेले इलेक्ट्रॉन वीजपुरवठा बंद झाल्यावरही कित्येक वर्षे टिकतात. १९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी या गुणाचा उपयोग पुसता येणाऱ्या स्मृतीसाठी केला. तेथे प्रश्न केवळ ‘आहे’ वा ‘नाही’ एवढाच होता. परंतु विद्युत्भार कमीअधिक ठेवता येतो आणि त्यानुसार प्रवाह कमीअधिक होतो. १९८९ मधील इंटेलच्या ८०१७० या चिपमध्ये असे १०,२४० भारांक साठविण्याची सोय होती. १९९० नंतर कॅलिफोर्निया तंत्रशास्त्र संस्थेत कार्व्हर मीड, पॉल हॅसलर, क्रिस डिओरिओ व ब्रॅडली मिंच यांनी एकाच ट्रान्झिस्टरात स्मृती, गुणाकार व शिकण्याची क्रिया एकत्र आणली. पुढे जॉर्जिया टेक येथे हॅसलर यांच्या गटाने या पायावर प्रोग्रॅम बदलता येणाऱ्या अ‍ॅनालॉग चिप रचल्या; २०१६ च्या एका चिपवर उच्चारित आज्ञाशब्द ओळखण्याचे काम सुमारे २३ मायक्रोवॉट शक्तीवर झाले. ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकांनी या आकड्याकडे दुर्लक्ष करू नये.

तुलना आता स्पष्ट होते. भुजेच्या जागी विद्युत्भार आला आणि दोरीच्या जागी तार. कारण एका बिंदूत येणारे प्रवाह आपोआप मिळून बेरीज होते. दोषही समांतर आहेत : तेथे दोरी ताणली जाई, येथे दोन ट्रान्झिस्टर कधीच तंतोतंत सारखे निघत नाहीत. मात्र अधांतरी द्वारावरील भार थोडा बदलून ही विषमता बऱ्याच अंशी दुरुस्त करता येते. दोरीचा ताण असा दुरुस्त होत नसे.

अंकीय गणकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भरतीची यंत्रे निवृत्त केली, ती अचूकतेच्या बळावर. त्यावरून अ‍ॅनालॉग पद्धती ही गणनेची केवळ बाल्यावस्था होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अंकीय गणकात स्मृती एकीकडे व क्रिया दुसरीकडे असते, आणि दोहोंमधील ने-आण शक्तीचा मोठा वाटा खाते. स्मृती व क्रिया एकाच जागी ठेवण्याचे जे तत्त्व १८७९ च्या यंत्रात पितळेच्या भुजांनी साधले होते, तेच सिलिकॉनमध्ये पुन्हा उपयोगी ठरत आहे. तंत्राच्या इतिहासात साधन जुने होते. तत्त्व तितक्या सहज जुने होत नाही.