साके नव्हे, सामोन

मुंबईतल्या हॉटेलांत मेन्यूकार्डावर रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणतात. रावस सामनच्या कुळातला नव्हे. पण नाव बदललं की माशाचा दिमाख बदलतो. शब्द बदलला की कवितेची ओळ बदलते, हे मला ठाऊक होतं. बाजारातही तसंच घडतं, हे मी नॉर्वेच्या काही सरकारी माणसांच्या हकिकतीतून शिकलो.

नॉर्वेच्या खाड्यांमध्ये सामनची शेती १९७० नंतर वाढत गेली. जपानला मासा हवाच होता. १९७७ च्या सुमारास अनेक देशांनी किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत हक्क सांगितला आणि जपानी बोटींना दूरचे समुद्र आखडले. १९८५ मध्ये नॉर्वेचे मत्स्यमंत्री थोर लिस्ताऊ शिष्टमंडळ घेऊन जपानला गेले. ‘प्रोजेक्ट जपान’ सुरू झाला.

अडचण एकच होती. चांगला भाव मिळे तो सुशीच्या कच्च्या माशाला. आणि जपानी माणूस सामन कच्चा खात नसे. पॅसिफिकमधल्या सामनमध्ये कृमी असतात, म्हणून तो खारवून, भाजूनच खायचा, ही पिढ्यान् पिढ्यांची शिकवण. नॉर्वेचा मासा पिंजऱ्यात, तयार खाद्यावर वाढलेला. त्यात ते भय नव्हतं. पण मनातली भीती दाखले दाखवून जात नाही.

तोक्योतल्या वकिलातीच्या मेजवानीत सामनची सुशी मांडली गेली. प्रकल्पातले ब्योर्न एरिक ओल्सेन यांनी आणखी एक गोष्ट हेरली. जपानीत या माशाला ‘साके’ म्हणतात, आणि साके म्हटलं की भाजलेला तुकडाच डोळ्यांपुढे येतो. म्हणून तो शब्द टाळून त्यांनी ‘नोरुवे सामोन’ हे नाव पुढे केलं.

खरी कसोटी पुढेच होती. १९९० च्या सुमारास नॉर्वेत मासा अतोनात झाला. शीतगृहं भरली, १९९१ मध्ये उत्पादकांची विक्रीसंस्था दिवाळखोरीत निघाली. भाजण्यासाठी म्हणून स्वस्तात विकून मोकळं होण्याचा मोह मोठा होता. ओल्सेन अडून राहिले. एकदा तो ‘साके’ झाला की परतीची वाट नव्हती. अखेर निचिरेई या जपानी कंपनीला ५००० टन मासा सवलतीत दिला, पण कच्चा, सुशीसाठीच विकायचा या अटीवर.

पुढे फिरत्या पट्ट्यांवरच्या स्वस्त सुशीगृहांत सामोन मुलाबाळांचा आवडता झाला. आज जगाला तो अस्सल जपानी पदार्थ वाटतो.

आमच्या कोकणात मासळीवाली आधी कल्ले उघडून लाल रंग दाखवते, मग भाव सांगते. त्या अधिकाऱ्यांनी तरी वेगळं काय केलं? आधी विश्वास, मग भाव.