८०५१ गेली का हो?

परवा एका मित्राचा फोन आला. त्याच्या वर्कशॉपमधल्या जुन्या मशीनचं कंट्रोल कार्ड बिघडलं होतं. "अरे, ८०५१ अजून बनते का? नाहीतर अख्खं पॅनल बदला म्हणतायत." प्रश्न एका ओळीचा, पण उत्तराला थोडा इतिहास लागतो.

इंटेलने ८०५१ आणली १९८० मध्ये. आठ बिटांची, ४ किलोबाइट रॉम आणि रॅम फक्त १२८ बाइट! तरी ती जगभर गेली, कारण इंटेलने फिलिप्स, सीमेन्स अशा इतर कंपन्यांनाही ती बनवायचे परवाने दिले. १९९३ मध्ये अ‍ॅटमेलने फ्लॅश मेमरीवाली ८०५१ काढली आणि अतिनील दिव्याखाली चिप पुसत बसायची कटकट संपली. आपल्याकडे कित्येकांनी कॉलेजात पहिला एलईडी लुकलुकवला तो याच चिपवर.

२००७ मध्ये इंटेलने ही मालिका बंद केली. मग ८०५१ संपली? छे! सिलिकॉन लॅब्सने २०१५ मध्ये त्याच गाभ्यावर ईएफएम८ ही नवीकोरी मालिका आणली.

इथेच गफलत होते. घराणं जिवंत असतं, पण आपल्याला हवा असलेला नेमका माणूस गेलेला असतो. मित्राच्या कार्डावर होती एटी८९सी५१. तिच्या डेटाशीटवरच पुढे शिक्का आला, की नव्या डिझाइनला ही वापरू नका, एटी८९एस५१ घ्या. म्हणून चिपवरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा आणि उत्पादकाच्या यादीत तिची स्थिती बघायची. अ‍ॅटमेल २०१६ मध्ये मायक्रोचिपने विकत घेतली, त्यामुळे शोधायचं तिथे. दुकानदाराकडे माल आहे याचा अर्थ चिप बनते आहे असा नाही. तो जुना साठा असेल, किंवा घासून नवं नाव छापलेली चिपही असेल.

नासाही यातून सुटली नाही. स्पेस शटलच्या बूस्टर रॉकेटांच्या तपासणी यंत्रांसाठी २००२ मध्ये ते इंटरनेटवर जुन्या ८०८६ चिपा शोधत होते!

मित्राला मी शेवटी एकच विचारलं, "आतला प्रोग्राम कुणाकडे आहे का?" कारण नवी चिप येते कोरी. जुनीचे लॉक बिट लावलेले असतील तर आतलं सहज वाचता येत नाही. तो गप्प झाला. मग म्हणाला, "कार्ड बनवणाऱ्याचा नंबर शोधतो."

असो. चिप बनते का हे जरूर बघा, पण हेक्स फाइल कुठे आहे ते आधी बघा.