बिल्ट-इन मायक्रोवेव्ह, घरगुती : निवड

कपाटातल्या ठरावीक मापाच्या खणात स्क्रूने पक्का बसवलेला मायक्रोवेव्ह. दार आणि बटणांची पट्टी तेवढी बाहेर दिसते, बाकीचे यंत्र लाकडाच्या आत असते. आतली रचना ओट्यावरच्या सुट्या मायक्रोवेव्हसारखीच. फरक असतो तो हवेच्या वाटेत, बाहेरच्या चौकटीत आणि किमतीत. तेवढ्याच क्षमतेच्या सुट्या यंत्राच्या साधारण दुप्पट, कधी त्याहूनही जास्त पैसे पडतात आणि त्याने वरण काही जास्त चविष्ट होत नाही. दुकानात गिऱ्हाईक ऑटो-कुकचे मेन्यू मोजत बसते. नंतरची डोकेदुखी मात्र बहुधा खणाचे माप, वायरिंग आणि दुरुस्ती यांतून निघते. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात जानेफळसारख्या गावी हे जास्तच खरे ठरते. तिथे ट्रॉली आणि कपाटे सहसा कारखान्यातून तयार होऊन येत नाहीत; सुतार मिस्त्री घरी येऊन, आहे त्या भिंतीच्या अंदाजाने ती ठोकतो.

इतिहास : मायक्रोवेव्हचा गाभा म्हणजे मॅग्नेट्रॉन. रडारसाठी लागणारा शक्तिशाली मॅग्नेट्रॉन १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी घडवला. त्यावर अन्न शिजवण्याच्या पेटंटसाठी अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये अर्ज केला. त्यातून निघालेला १९४७ चा ‘रडारेंज’ मायक्रोवेव्ह माणसाच्या उंचीचा, सुमारे ३४० किलो वजनाचा आणि पाण्याने थंड ठेवावा लागणारा होता. घरासाठी म्हणून विकले गेलेले पहिले यंत्र टॅपन कंपनीचे, १९५५ सालचे, आणि ते भिंतीत बसवायचे होते. किंमत १,२९५ डॉलर. ओट्यावर मावेल असा ४९५ डॉलरचा मायक्रोवेव्ह अमाना कंपनीने १९६७ मध्ये आणला. म्हणजे आज चैनीची वाटणारी बिल्ट-इन रीत या यंत्राच्या घरगुती आयुष्यात आधीची आहे.

काय होते, काय होत नाही : घरगुती यंत्रातल्या लहरींची वारंवारता २,४५० मेगाहर्ट्‌झ आणि लांबी सुमारे १२ सेंमी असते. अन्नातले पाणी त्या मुख्यतः शोषून घेते. लहरी पदार्थात दोन-तीन सेंमीच जातात. मधला भाग बाहेरून आत सरकणाऱ्या उष्णतेने तापतो. धातूवरून त्या परततात. वऱ्हाडातल्या घरात गंज, डबे, वाट्या, ताटे सगळी स्टीलची, त्यामुळे यंत्राबरोबर काचेची किंवा मायक्रोवेव्हला चालणारी भांडीही घ्यावी लागतात. हा खर्च दुकानातल्या पावतीवर दिसत नाही.

पापड, शेंगदाणे, उकडायचे बटाटे, दूध, उरलेली भाजी यांत मायक्रोवेव्ह कामाचा आहे. शेंगदाणे एका थरात पसरून, मध्ये दोनदा हलवून घेतले तर कढईइतकेच चांगले भाजतात आणि कढईपाशी उभे राहावे लागत नाही. भाकरी मात्र त्यात होत नाही. ज्वारीच्या भाकरीला तापलेला तवा आणि शेवटी आच लागते. शिळी भाकरी उघडी ठेवून गरम केली तर पाणी उडून वातड होते. ओल्या फडक्यात गुंडाळून अर्धे मिनिट पुरते. भरताचे वांगे टोचे मारून ठेवले की मऊ होते, पण धुराचा वास येत नाही, आणि त्याशिवायच्या भरताला भरीत म्हणायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. टोचे न मारता ठेवलेले वांगे किंवा टरफलासकट अंडे फुटते.

यंत्राचे प्रकार तीन. ‘सोलो’ फक्त लहरींवर चालतो. ‘ग्रिल’मध्ये वरची सळई तापून पदार्थाला रंग येतो. ‘कन्व्हेक्शन’मध्ये गरम हवा पंख्याने फिरते आणि केक, नानकटाई किंवा १८० ते २०० अंशांवर रोडगे भाजता येतात, गोवऱ्यांच्या आहाराची चव त्यांना येणार नाही, पण आतून नीट शिजतात. नुसत्या कन्व्हेक्शनवर स्टीलचे भांडे चालते. वर्षातून चार वेळा केक करणाऱ्या घराने कन्व्हेक्शनसाठी जास्त पैसे घालू नयेत. ज्यांच्याकडे दुसरी भट्टीच नाही आणि भाजण्याचा नाद आहे, त्यांनी तोच घ्यावा.

क्षमता लिटरमध्ये छापलेली असते, तरी पाहायची ती तबकडी. २० लिटरच्या यंत्रात ती साधारण २५ सेंमीची, २८ लिटरच्या आसपास ३१ सेंमीची असते. चौकोनी किंवा कानांचे भांडे फिरताना त्याचा कर्ण मोजावा लागतो. कान भिंतीला अडले की तबकडी थांबते आणि एकच बाजू करपते. रोज वापरायचे भांडे दुकानात नेऊन आत फिरवून पाहावे. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

खण : बहुतेक बिल्ट-इन मायक्रोवेव्हची पुढची चौकट ६० सेंमी रुंदीच्या कपाटाला धरून असते. त्यांना लागणारा खण आतून ५६० ते ५६८ मिमी रुंद हवा. ६०० मिमीच्या कपाटात १८ मिमीच्या दोन फळ्या गेल्या की ५६४ उरतात. आतून दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटरचा मायका चिकटवला तर ५६२. उंची लहान यंत्रांना सुमारे ३८० मिमी, मोठ्या कन्व्हेक्शनच्या यंत्रांना ४५० मिमी लागते. खोली ५५० मिमी. काही यंत्रे मात्र भिंतीवरच्या ३० सेंमी खोल कपाटासाठीच बनवलेली असतात.

गफलत होते ती एककांत. पुस्तिका मिलिमीटरमध्ये बोलते, मिस्त्री इंच आणि सुतांत. आठ सुतांचा एक इंच. ५६० मिमी म्हटल्यावर टेपवर जवळचा आकडा २२ इंच दिसतो, आणि २२ इंच म्हणजे ५५८.८ मिमी. सव्वा मिलिमीटर कमी. त्यात एक फळी जरा तिरकी बसली की यंत्र निम्मे आत जाऊन अडकते, मग रंधा, मग मायक्याचा तुकडा उडतो आणि चौकटीच्या बाजूने पांढरी चीर दिसत राहते. मिस्त्रीला २२ इंच २ सूत सांगावे. ते ५६५ मिमी होतात आणि मर्यादेत बसतात. खण तयार झाल्यावर त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले की काटकोन नीट आहे.

यावरून क्रमही ठरतो. आधी मॉडेल पक्के करावे, त्याच्या पुस्तिकेतले खणाचे चित्र छापून मिस्त्रीच्या हाती द्यावे, आणि मगच फळी कापावी. ‘खण करून ठेवू, मग बसेल तो आणू’ हा उलटा क्रम सर्रास चालतो आणि बहुतेक वेळा महागात पडतो.

हवेची वाट त्याहून महत्त्वाची. मॅग्नेट्रॉनला मिळालेल्या विजेतला मोठा हिस्सा यंत्रातच उष्णता होतो आणि पंखा ती बाहेर ढकलतो. एप्रिल-मे महिन्यात जानेफळच्या बाजूला दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा खोलीत मागून बंद केलेल्या खणातले यंत्र तापून मधेच बंद पडते, थंड झाले की परत चालू होते, आणि घरातले लोक त्याला बिघाड समजतात. खणाची मागची फळी पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे कापलेली हवी, मागे साधारण ३५ ते ५० मिमी मोकळी जागा हवी, पुढच्या फटी सजावटीच्या पट्टीने बुजवायच्या नाहीत. मागच्या भोकाला बारीक लोखंडी जाळी मारावी, नाहीतर उंदीर वायरीपर्यंत पोचतो.

जुन्या मातीच्या घरातले फडताळ या कामासाठी मोह घालते. भिंत जाड, कोनाडा तयार, फक्त चौकट मारायची. पण फडताळाला मागून हवा नसते, पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि खोली क्वचितच ५५० मिमी भरते. तिथे मसाल्याचे डबेच ठेवावेत.

लाकूड म्हणून पार्टिकल बोर्ड टाळावा. वाफेने तो फुगतो. पाण्याला टिकणारा प्लाय (आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर किंवा आयएस ७१० चा मरीन) वापरावा आणि वाळवीचा औषधोपचार आधीच करून घ्यावा. यंत्राचे वजन २० किलोच्या आसपास, मोठ्याचे त्याहून बरेच जास्त. खालच्या फळीला आडवी पट्टी द्यावी. तबकडी कोपराच्या उंचीला यावी. खांद्याच्या वर बसवलेल्या यंत्रातून उकळते दूध काढणे धोक्याचे आहे, घरात ठेंगणी माणसे आणि मुले असतील तर फारच. गॅसच्या वर किंवा अगदी शेजारी खण काढू नये. फोडणीचे तेल हवेच्या जाळीत बसते. दार बहुधा डावीकडे उघडते, म्हणून डाव्या हाताला लागून भिंत असेल तर दार पुरते उघडते का, हे आधी पाहावे.

वीज : ८०० ते ९०० वॉट लहरी देणारे यंत्र विजेच्या मीटरवरून १,२०० ते १,४५० वॉट घेते. २३० व्होल्टला हे सहा अँपिअरच्या आसपास जाते, म्हणून साधा ६ अँपिअरचा प्लग पुरत नाही. १६ अँपिअरचा पॉवर प्लग, त्याला अडीच चौरस मिमीची स्वतंत्र तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी लागतो. कन्व्हेक्शनची मोठी यंत्रे आणखी जास्त घेतात. प्लग यंत्राच्या मागे ठेवू नये, शेजारच्या कपाटात ठेवावा. अडचणीच्या वेळी यंत्र न ओढता तो काढता आला पाहिजे. वीजबिलावरचा मंजूर भार एकदा वाचावा. तो एक किलोवॉट असेल आणि घरात फ्रिज, गिझर, मिक्सर आधीच असतील, तर महावितरणकडे भार वाढवून घेणे शहाणपणाचे.

अर्थिंगकडे कोणी पाहत नाही. काळी जमीन पावसात ओली असते तोवर अर्थिंग चांगले चालते. उन्हाळ्यात भेगा पडून खड्डा सुकला की जमिनीचा विद्युत रोध वाढतो. खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालावे आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. वायरमनने ‘लागत नाही हो ते’ म्हटले तरीही.

घर डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब असेल किंवा संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागले असतील तेव्हा लाइट डिम होते. व्होल्टेज उतरले की लहरींची ताकदही उतरते आणि दोन मिनिटांचे काम तीन मिनिटे घेते. हे घरी मोजता येते. काचेच्या भांड्यात एक लिटर साधे पाणी घ्यावे, तापमान पाहावे, पूर्ण शक्तीवर बरोबर दोन मिनिटे ठेवावे, ढवळून पुन्हा तापमान पाहावे. जितके अंश वाढले त्याला ३५ ने गुणले की लहरींचे वॉट कळतात. २० अंश वाढले तर ७०० वॉट. हीच चाचणी दुपारी एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा केली तर यंत्राला दोष द्यायचा की विजेला, ते उघड होते. भांडेही थोडी उष्णता खाते, त्यामुळे उत्तर खऱ्यापेक्षा किंचित कमी येते. संध्याकाळी रोजच मोठी घट दिसत असेल तर यंत्राच्या क्षमतेचा स्टॅबिलायझर लागेल. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह चालवायचा विचार सोडून द्यावा. पंखे-दिव्यांसाठी घेतलेला इन्व्हर्टर हा भार उचलत नाही. वस्तीवरचे घर शेतीच्या वाहिनीवर असेल तर वीज किती तास आणि कधी येते, यावर अख्ख्या खरेदीचा फेरविचार करावा.

दुरुस्ती : फॅबर, काफ, एलिका, बॉश, हाफेले, आयएफबी, व्हर्लपूल अशा अनेक कंपन्या भारतात बिल्ट-इन मायक्रोवेव्ह विकतात. विकत घेण्याआधी दुकानदाराला नव्हे, कंपनीच्या ग्राहक क्रमांकाला जानेफळचा पिनकोड सांगून दोन प्रश्न विचारावेत : बसवायला माणूस गावात येतो का, आणि बिघाड झाला तर यंत्र जागेवर दुरुस्त होते की न्यावे लागते. मॅग्नेट्रॉनची हमी वेगळी आणि जास्त मुदतीची असू शकते. बाकीच्या भागांची किती, हे पावतीवर लिहून घ्यावे. मेहकरला समृद्धी महामार्गाचा फाटा झाल्यापासून छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरचे दुकान जवळ आल्यासारखे वाटते, पण तिथला कारागीर एका फ्यूजसाठी येत नाही. पुढची बाजू काचेची असते, तेव्हा खोके उघडून पाहिल्याशिवाय पोचपावतीवर सही करू नये.

गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे यंत्र उघडायला देऊ नये. आत काही हजार व्होल्टचा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार उरतो. दाराला सुरक्षेचे एकाहून जास्त स्विच असतात. त्यांना ‘डायरेक्ट’ करून दिलेले यंत्र वापरू नये. नीट दार लागणाऱ्या यंत्रातून बाहेर येणाऱ्या लहरी मानकाप्रमाणे ५ सेंमी अंतरावर दर चौरस सेंमीला ५ मिलीवॉटच्या आत असतात आणि अंतर वाढेल तशा झपाट्याने घटतात. बिजागरी सैल झाली, काचेला तडा गेला किंवा दाराच्या कडेला करपल्याचा डाग दिसला, तर वापर थांबवावा.

बिल्ट-इन कधी नको : भाड्याच्या घरात, ओट्यावर पुरेशी जागा असताना, आणि खण आधीच चुकीच्या मापाचा झालेला असताना. काही सुट्या मायक्रोवेव्हसाठी कंपनीच चौकटीचा संच विकते आणि ते खणात बसवता येतात. चौकट नसलेले सुटे यंत्र बंद खणात कोंबणे मात्र वाईट, कारण त्याची हवा बाजूने, वरून किंवा मागून निघते. अशा घरासाठी उघडी फळी पुरते : ६० सेंमी रुंद, ५० सेंमी खोल, वर वीस आणि दोन्ही बाजूंना दहा सेंमी मोकळे, पुस्तिकेत जास्त सांगितले असेल तर तेवढे, आणि हाताशी १६ अँपिअरचा प्लग. पुढे यंत्र बदलले तरी फळी तीच राहते. बिल्ट-इन बदलताना मात्र त्याच मापाचे शोधावे लागते, आणि आठ-दहा वर्षांनी तेच मॉडेल बाजारात असेलच असे नाही.